लेकी बोले, सुने लागे

आरे, वारे, काळबादेवी, बसणी, नेवरे, भंडारपुळे, मालगुंड, साखरतर, जिथे जिथे हा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या बायांना माझा नमस्कार. हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडत ऐका, मासळी सुकवत ऐका, काजू फोडत ऐका. आज इतिहासातली गोष्ट सांगणार आहे, पण ती सुरू होते आपल्या स्वयंपाकघरातल्या एका म्हणीपासून.

"लेकी बोले सुने लागे" ही म्हण माहीत नाही अशी बाई कोकणात सापडायची नाही. सासूला बोलायचं असतं सुनेला, पण ती बोलते लेकीला. आता ह्याचीच उलटी तऱ्हा बघा. सासू लेकीला बोलत नाही, तिचं कौतुक करते, तेही सुनेला ऐकू जाईल असं. "आमची बाय बघा, कधी उशिरा उठली नाही." कौतुक लेकीचं, फटका सुनेला. ह्यात लेकीला काय मिळालं? भावजयीचा राग. सुनेला काय मिळालं? अपमान. तान्ह्या पोरामुळे सून रात्रभर जागी होती, हे कोणी विचारलंच नाही. नणंद-भावजय एकमेकींकडे पाठ करून बसल्या आणि सासूला जाब विचारायला कोणी उरलं नाही.

समाजासमाजातही हेच होतं. ज्याच्या हातात सत्ता असते तो एका लहान समाजाला "गुणी" ठरवतो आणि दुसऱ्या लहान समाजाला सांगतो, "त्यांच्याकडे बघा. ते कधी काही मागतात का? मग तुम्हीच का रडता?" अभ्यासक ह्याला "आदर्श अल्पसंख्याक" म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट जुनी आहे. आपल्या मुंबईत आणि कोकणात ती दोनशे वर्षं चालू आहे.

दुधातली साखर

पारशी लोकांची गोष्ट आपण शाळेत ऐकली आहे. ते इराणहून गुजरातेत संजाणला आले. राजाने दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं पाठवलं, म्हणजे जागा नाही. पारशांच्या धर्मगुरूने त्यात साखर घालून ते परत पाठवलं, म्हणजे आम्ही विरघळून जाऊ, गोडवा वाढवू. गोष्ट गोड आहे. पण पारशांच्या आगमनाची हकिगत सांगणारं जुनं फारसी काव्य आहे, "किस्सा-ए-संजान", १६०० च्या सुमाराचं. त्यात ही दुधाची गोष्ट नाहीच. त्यात आहेत राजाच्या अटी. इथली भाषा बोला, हत्यारं खाली ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. आणि एक अट बायकांसाठी: तुमच्या बायकांनी इथल्या बायकांसारखा पेहराव करायचा. बघा, नव्या गावात "चांगलं" म्हणवून घ्यायचं ओझं पहिल्यांदा बाईच्याच अंगावर आलं.

साखरेची गोष्ट आज कशासाठी सांगितली जाते त्याकडेही लक्ष द्या. पारशांचं कौतुक म्हणून ती क्वचितच तिथे थांबते. बहुतेक वेळा पुढचं वाक्य येतं, "आणि काही लोक मात्र विरघळतच नाहीत." ते काही लोक कोण, हे सांगावं लागत नाही. ऐकणारीला बरोबर लागतं.

एका पेढीत चार धर्म

इंग्रजांच्या काळात पारशी पुढे गेले ते का? "जातच मेहनती" हे उत्तर सोपं आहे, पण पुरतं नाही. लवजी वाडिया हे सुरतेचे कसबी जहाज बांधणारे. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना मुंबईची गोदी बांधायला बोलावलं. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते काम त्या घराण्याकडे राहिलं. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं बंधन पारशांना नव्हतं. इंग्रजांना दलाल, दुभाषे, ठेकेदार हवे होते, ते काम त्यांना मिळालं. म्हणजे मेहनत होती, कसब होतं आणि योग्य वेळी उघडलेलं दारही होतं.

ह्यातलं सगळ्यात मोठं नाव सर जमशेटजी जीजीभाई. मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल त्यांच्या देणगीतून १८४५ मध्ये सुरू झालं. आपल्या गावातून किती माणसं तिथे उपचाराला गेली असतील, मोजता यायची नाहीत. १८४२ साली इंग्रजांनी त्यांना "सर" केलं, हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांच्या पत्नी आवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी ओलांडताना होड्या बुडायच्या, माणसं मरायची. तिथे रस्ता बांधायला आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. लेडी जमशेटजी रस्ता म्हणतात तो त्यांच्याच नावाचा.

पण जमशेटजींचा पैसा आला कुठून? चीनशी कापूस आणि अफूच्या व्यापारातून. ह्या व्यापारात ते एकटे नव्हते. त्यांचे भागीदार कोण होते ऐका. मोतीचंद अमीचंद, जैन. रोजेरियो दि फारिया, गोव्याकडचे ख्रिस्ती. आणि महंमद अली रोघे, आपल्या कोकणातल्या मुसलमान घराण्याचे. त्यांना "नाखुदा" म्हणत, म्हणजे जहाजाचा मालक-कप्तान. आपल्या किनाऱ्यावर आपण ज्याला नाखवा म्हणतो तो हाच शब्द. एका पेढीत पारशी, जैन, ख्रिस्ती आणि कोकणी मुसलमान एकत्र बसून व्यापार करत होते. तेव्हा "मेहनती जात" आणि "मागासलेली जात" अशी वाटणी त्यांच्या हिशोबाच्या वहीत नव्हती.

पुढे वाफेची जहाजं आली. शिडाच्या गलबतांवर जगणारे कोकणातले नाखवे, खलाशी मागे पडले. मुसलमान असोत नाहीतर खारवी, भंडारी असोत, शिडाच्या धंद्याला सगळ्यांनाच फटका बसला. पारशी भांडवल तोवर गिरण्यांकडे वळलं. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभी करायला घेतली. त्याच गिरण्यांत पुढे रत्नागिरी जिल्ह्यातून माणसांचे लोंढे गेले आणि मागे घरं सांभाळत राहिल्या आपल्या पणज्या, मनीऑर्डरची वाट बघत. एकीकडे धंदा बुडाला, दुसरीकडे धंदा उभा राहिला. त्यात काळाचा आणि यंत्राचा हात होता. पण इंग्रज साहेबाने त्याचा अर्थ असा लावला की पारशी सुधारलेले, शहाणे, आपल्यासारखे. आणि मुसलमान मागासलेले, भडक माथ्याचे.

कौतुक झालं, पण राखण झाली नाही

१८५१ साली ऑक्टोबर महिन्यात मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली. एका पारशी माणसाच्या गुजराती नियतकालिकात पैगंबरांचं चित्र छापलं गेलं होतं, त्यावरून. १८७४ च्या फेब्रुवारीत पुन्हा झाली. ह्या वेळी एका पारशी लेखकाने पैगंबरांवरच्या एका अमेरिकी पुस्तकातला मजकूर गुजरातीत आणला होता, त्यावरून. ठिणगी धर्माच्या अपमानाची होती, हे खरं. पण गवत सुकलेलं नसेल तर ठिणगी विझते. एकाच बंदरात राहणाऱ्या दोन समाजांतला एक सरकारदरबारी मानाचा झाला होता आणि दुसरा दिवसेंदिवस मागे ढकलला जात होता. वरून मागे पडलेल्यालाच त्याच्या स्वभावाचा दोष लावला जात होता. अशा वेळी मनात साठलेलं लहान कारणावरून बाहेर पडतं. म्हणून मारहाण योग्य ठरत नाही. पण कारण नुसतं "ते तसेच" असं सांगितलं तर पुढची दंगल टळत नाही.

१८७४ च्या दंगलीत पारशांना एक कडू धडा मिळाला. इतके लाडके असून पोलीस वेळेवर आले नाहीत अशी त्यांची तक्रार होती आणि सरकारकडून हवा तसा दिलासा त्यांना मिळाला नाही. कौतुक करणारा राखण करेलच असं नाही, हे तेव्हा कळलं. त्याच १८७४ साली बदरुद्दीन तय्यबजी, त्यांचे भाऊ कमरुद्दीन आणि रोघे घराण्यातले नाखुदा महंमद अली यांनी इतरांबरोबर मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था काढली. मुलांना शिकवायचं, आपण मागे पडलो आहोत तर पुढे जायचं, हा तिचा उद्देश. म्हणजे ज्यांना "भडक माथ्याचे" म्हटलं जात होतं त्यांच्यातलेच लोक त्याच वर्षी शाळेचा विचार करत होते.

आणि "शांत, आज्ञाधारक" पारशी? १८३२ च्या जून महिन्यात सरकारने मुंबईतली मोकाट कुत्री मारायला सुरुवात केली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. त्यांनी सरकारविरुद्ध मोठा दंगा केला, दुकानं बंद पाडली, इंग्रजांच्या फौजेची रसद अडवली. त्यात हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले. शेवटी सरकारला लष्कर बोलवावं लागलं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात नसते, कारण "आदर्श" माणसाने भांडलेलं कौतुक करणाऱ्याला आवडत नाही.

१९२१: दोन्हीकडून मार

१७ नोव्हेंबर १९२१ ला इंग्लंडचा राजपुत्र मुंबईत उतरला. असहकाराची चळवळ जोरात होती. काँग्रेसने आणि खिलाफतवाल्यांनी बहिष्कार पुकारला होता. पारशी, अँग्लो-इंडियन, यहुदी यांच्यातले बरेच लोक मात्र स्वागताला गेले. परतताना हिंदू-मुसलमान जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. परदेशी टोप्या हिसकावल्या, पारशांची दारूची दुकानं जाळली, पारशी बायकांनाही सोडलं नाही. मग पारशी आणि अँग्लो-इंडियन टोळ्यांनी खादीच्या टोप्या घातलेल्यांना गाठून मारलं. काही दिवसांत पन्नासहून अधिक माणसं मेली. गांधीजी तेव्हा मुंबईत होते. त्यांनी उपास धरला आणि शांतता झाल्यावर २२ नोव्हेंबरला सोडला. हिंदू आणि मुसलमान संख्येने मोठे आहेत, तर लहान समाजांना सांभाळणं हे त्यांचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

जमावाने काय धरलं होतं? पारशी म्हणजे इंग्रजांचा लाडका. पण हिंदुस्थानातून किती संपत्ती इंग्लंडात वाहून जाते ह्याचा हिशोब मांडला दादाभाई नौरोजींनी, ते पारशी. १९०७ साली जर्मनीत परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवला मादाम भिकाजी कामांनी, त्या पारशी. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पुढे उभ्या राहिल्या मिठूबेन पेटिट, त्याही पारशी. "लाडका" हा शिक्का इतका मोठा होता की त्याच्याखाली ही माणसं दिसेनाशी झाली. चांगला शिक्काही माणसाला झाकतो, वाईट शिक्क्याइतकाच.

बाबासाहेब आणि पारशी धर्मशाळा

आता एक गोष्ट आपल्या जिल्ह्याशी जोडलेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. परदेशातून शिकून १९१७ साली ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा कोणी देईना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन पारशी लोक आले, धर्मशाळा बाटवली म्हणून दटावलं आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायला सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती ओळखीच्याकडे आसरा मागून पाहिला, तिथेही जमलं नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. "वेटिंग फॉर अ व्हिसा" ह्या आठवणींत त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे.

विचार करा. पारशी धर्मात जातीची उतरंड नाही. मग अस्पृश्यता त्या धर्मशाळेत आली कुठून? ज्या समाजात मान मिळवायचा असतो, त्या समाजाचे दोषही लहान समाज उचलतो. वरच्याच्या पंगतीत बसायचं तर खालच्याला दूर ठेवून दाखवावं लागतं. "आदर्श" ठरण्याची ही किंमत असते आणि ती दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशातून जाते.

पण गोष्ट इथे संपवली तर तीही एक शिक्काच होईल. बाबासाहेबांना १९२० साली शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला जायचं होतं, पैसे कमी पडत होते. तेव्हा कर्ज दिलं नवल भथेना ह्या मित्राने. भथेना पारशी होते. काठी घेऊन आले तेही पारशी आणि पैसे घेऊन आला तोही पारशी. समाजाला एक स्वभाव नसतो. स्वभाव माणसाला असतो.

शनवार तेल्यांची भिंत

आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राएल लोकांची जुनी वस्ती. आपली जहाजं अलिबागजवळ नवगावला फुटली आणि आपण इथलेच झालो, असं ते सांगतात. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. मराठी बोलणारे, मराठीत कीर्तनं करणारे. पुढे सैन्यात, कचेऱ्यांत शिरले. १८३० च्या दशकात बगदादकडचे श्रीमंत यहुदी मुंबईत आले, डेव्हिड ससून त्यांत मोठे. धर्म एकच. पण इंग्रजांच्या नजरेत ससूनसारखे व्यापारी वर होते आणि तेली खाली. बगदादी यहुद्यांना स्वतःला युरोपियनांत मोजून घ्यायचं होतं. मग मराठी बोलणाऱ्या, सावळ्या रंगाच्या धर्मबांधवांशी नातं दाखवणं त्यांना परवडेना. १८३६ मध्ये त्यांनी सरकारकडे मागणी केली की दफनभूमीत दोघांच्या मध्ये भिंत घाला.

मेल्यावरसुद्धा भिंत. आणि ती मागणारे कोण? स्वतःच परदेशात आलेला, संख्येने मूठभर असा समाज. बेने इस्राएलांपैकी बरेच लोक पुढे इस्राएलला गेले, तर तिथेही त्यांच्या यहुदीपणावर, लग्नांवर शंका घेतली गेली. त्यांनी बैठा सत्याग्रह केला आणि १९६४ साली तिथल्या संसदेने त्यांना पूर्ण बरोबरीचे म्हणून मान्य केलं. इकडे महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

सातासमुद्रापार तेच

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत १९४२ साली, युद्धाच्या काळात, सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत कोंडलं होतं. १९६६ साली तिथल्या एका मोठ्या वर्तमानपत्रात त्याच जपानी लोकांची स्तुती करणारा लेख आला. बघा कसे मुकाट्याने कष्ट करून वर आले, असा त्याचा सूर. तेव्हा तिथले काळे लोक आपल्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते. स्तुती जपान्यांची, टोमणा काळ्यांना. आपलीच म्हण, फक्त इंग्रजीत.

पुढे हाच शिक्का तिथे गेलेल्या भारतीयांना लागला. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेने शिकलेले, कसबी लोक निवडून आत घेतले. आपल्याकडचे मराठी डॉक्टर, इंजिनिअर त्यातूनच गेले. आधीच चाळणीतून निवडलेली माणसं, ती पुढे गेली तर नवल काय? पण सांगितलं असं गेलं की भारतीय स्वभावतःच हुशार. ज्यांच्या पूर्वजांना बेड्या घालून नेलं, त्यांच्या नातवंडांशी ही तुलना. १९९२ मध्ये लॉस एंजेलिस शहरात दंगल झाली तेव्हा काळ्या वस्तीतली कोरियन लोकांची दुकानं मोठ्या संख्येने जळाली. दोघेही अल्पसंख्य. दोघांना एकमेकांसमोर उभं करणारे मात्र लांब होते.

आपल्या वाडीत, आपल्या मोहल्ल्यात

आता घरी येऊ. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात पारशी होते ५७ हजारांच्या आसपास. दहा वर्षांपूर्वी ते ६९ हजारांहून जास्त होते. समाज कमी होतोय, म्हातारा होतोय. महाराष्ट्रात मुसलमान सुमारे १ कोटी ३० लाख, बौद्ध सुमारे ६५ लाख. जो समाज बहुतेक मुंबईसारख्या शहरात राहतो, ज्याच्याकडे पिढ्यांपूर्वीच्या धर्मादाय ट्रस्टांच्या वसाहती आहेत, त्याची तुलना खेड्यात मजुरी करणाऱ्या बौद्ध बाईशी किंवा मासळीची पाटी उचलणाऱ्या मुसलमान बाईशी कशी करायची? आणि त्या वसाहतींतही गरीब पारशी बाई आहे. "पारशी म्हणजे श्रीमंत" म्हटल्यावर तिला मदत मागायलाही लाज वाटते.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मुसलमानांना बँकेचं कर्ज त्यांच्या संख्येच्या मानाने कमी मिळतं आणि काही बँकांनी मुसलमान वस्त्यांचे काही भाग नकोशा यादीत टाकले होते, असं त्यात नोंदवलं आहे. म्हणजे अर्ज करणारी बाई कशी आहे हे बघण्याआधीच तिची वस्ती बघितली गेली.

मी गटांच्या समन्वयाचं काम करते. बैठकांमध्ये दोन वाक्यं वारंवार ऐकते. मोहल्ल्यात कोणी साहेब आला की म्हणतो, "बौद्धवाडीतल्या पोरी बघा, पदव्या घेतात. तुमच्या का बसतात घरी?" तोच साहेब बौद्धवाडीत गेला की म्हणतो, "मोहल्ल्यात बघा, आखातात जाऊन बंगले बांधले. तुम्ही सवलतीच बघत बसता." दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, म्हणून ती जास्त लागतात. पण राहिलेलं काय? बौद्धवाडीत शिक्षण आलं त्यामागे बाबासाहेबांची चळवळ आहे, उपाशी राहून पोरांना शाळेत धाडणाऱ्या आया आहेत, शिष्यवृत्त्या आहेत आणि १९९० साली बौद्धांनाही मिळालेला अनुसूचित जातीचा हक्क आहे. तो हक्क भांडून मिळाला, भीक म्हणून नाही. आणि आखातातल्या बंगल्यामागे दोन-दोन वर्षं नवऱ्याचं तोंड न बघणारी बाई आहे. आपल्या गिरणीवाल्यांच्या बायकांसारखीच.

हप्त्यांचंही असंच. एका बँकेच्या माणसाने एकदा ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या गटाचा एक हप्ता चुकत नाही आणि ह्या गटाचा दर पावसाळ्यात चुकतो. लोकांचा स्वभावच असतो." त्यानंतर त्या दोन गटांच्या बाया बरेच महिने एका सतरंजीवर बसल्या नाहीत. आम्ही वह्या उघडल्या. जो गट चुकत नव्हता त्यात नोकरीवाल्यांच्या आणि पर्यटकांना जेवणखाण देणाऱ्या घरातल्या बाया होत्या, पैसा बारमाही. जो चुकत होता तो मासळीवाल्यांचा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होडीच किनाऱ्यावर ओढलेली, तर हप्ता आणायचा कुठून? स्वभावाचा काही संबंध नव्हता, संबंध कॅलेंडरचा होता. मे महिन्यात दोन हप्ते आगाऊ भरायचे आणि सप्टेंबरपासून पुन्हा सुरू करायचं असं ठरलं, ऑगस्टचा हप्ता गटाच्या बचतीतून भागवला, तेव्हा त्याच बायांचं खातं नीट चाललं. जेवणखाणवाल्या गटाने मग सुकी मासळी त्यांच्याकडूनच घ्यायला सुरुवात केली. वही उघडली म्हणून हे झालं. नुसतं कौतुक ऐकत बसलो असतो तर झालं नसतं.

तीन प्रश्न

म्हणून मैत्रिणींनो, कोणी एखाद्या समाजाचं, वाडीचं, गटाचं तोंड भरून कौतुक करायला लागलं की तीन प्रश्न मनात धरा.

पहिला, हे कौतुक कोणाला ऐकवायला चाललंय? ज्यांचं आहे त्यांच्यासमोर, की दुसऱ्याच कोणासमोर?

दुसरा, ह्यात काय सांगायचं राहिलं? दार कोणाला उघडं मिळालं, कोणाला बंद? पैसा कुठल्या महिन्यात येतो, शाळा किती लांब आहे, एसटी येते का?

तिसरा, ह्या कौतुकाने आमच्यात दुरावा आला तर फायदा कोणाचा?

आणि कौतुक आपलं स्वतःचं होत असेल तर चौथंही धरा. "तुम्ही बाई बाकीच्या मुसलमानांसारख्या नाही हो." "तुम्ही त्या वाडीतल्या वाटतच नाही." अशी वाक्यं ऐकल्यावर आपण हसून मान डोलावतो, कारण सभ्यपणा आड येतो. तेव्हा हसण्याऐवजी एवढंच म्हणा, "नाही हो, मी त्यांच्यातलीच." शांतपणे म्हणा. भांडण लागत नाही, पण भिंतीची एक वीट काढली जाते.

कौतुक करूच नये असं मी म्हणत नाही. जमशेटजींचं हॉस्पिटल, आवाबाईंचा रस्ता, बौद्धवाडीतली पदवीधर मुलगी, पहाटे बंदरावर उभी राहणारी आपली चाची, ह्या सगळ्यांचं कौतुक करा. माणसाचं करा, कामाचं करा, त्यामागचे कष्ट आणि मिळालेला हात दोन्ही सांगून करा. फक्त एकीचं कौतुक दुसरीच्या पाठीत मारायची काठी होऊ देऊ नका.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करावं. आपल्या शेजारच्या वाडीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या गटाला बोलवा आणि दोघींच्या वह्या शेजारी शेजारी ठेवा. कोणाचा पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात आटतो, त्याचं बारा महिन्यांचं एक मोठं कागदी कॅलेंडर बनवा. ते दोन्ही गटांच्या सह्यांनी बँकेत द्या. साहेब तुलना करायला बसेल तेव्हा त्याच्यासमोर आपल्या दोघींचा मिळून एक कागद असेल.